गोंडा बघा, गाव ओळखा!

ऑनसाइट! हा शब्द कानावर पडला की क्युबिकलमधल्या माना आपोआप वर होतात. पण बाकीच्यांचं ऑनसाइट म्हणजे लंडन, न्यू जर्सी, गेला बाजार सिंगापूर. माझ्या वाट्याला आलं मस्कत. तीन महिने. टीममधल्या सगळ्यांची प्रतिक्रिया एकच, "अरे वा, चालली शेख लोकांत!" आईचा प्रश्न वेगळा, "तिकडे सारखं डोक्यावरून घ्यावं लागतं का गं?" माझ्याही डोक्यात चित्र पक्कं होतं. पांढराशुभ्र झगा, डोक्यावर रुमाल, रुमालावर काळी दोरी. अरब म्हणजे हेच. हिंदी सिनेमाने आपल्याला याच्यापुढे काही शिकवलेलंच नाही.

रविवारी (हो, तिकडे आठवडा रविवारी सुरू होतो, सोमवारचं दुःख एक दिवस आधीच) सकाळी ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरले तर आत सात-आठ पुरुष, आणि काळी दोरी एकाच्याही डोक्यावर नाही! कुणाच्या डोक्यावर बारीक भरतकामाची गोल टोपी, कुणाच्या डोक्यावर वेलबुट्टीचं रंगीत पागोटं. एकाचा झगा तर चक्क फिकट जांभळा. प्रत्येकाच्या गळ्याशी एक छोटासा गोंडा, आणि अख्ख्या लिफ्टमध्ये असा घमघमाट की लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यासारखं वाटावं.

"यातला शेख कोण होता?" क्लायंटकडच्या माझ्या जोडीदारणीला मी बाहेर आल्यावर हळूच विचारलं. ती माझ्याच वयाची. काळा अबाया, खाली पांढरे स्पोर्ट्‌स शूज, आणि इंग्रजी माझ्यापेक्षा फास्ट. ती इतकी हसली की तिची कॉफी सांडली. "शेख? अगं ते आमचे अकाउंट्‌सवाले!"

त्या दिवसापासून तिने माझी शिकवणीच घेतली.

चेहरा नको, गळा बघ

फंडा सोपा आहे, ती म्हणाली. माणसाच्या गळ्याकडे बघायचं. शर्टासारखी ताठ कॉलर, मनगटाला कफलिंक्स आणि डोक्यावर लाल-पांढऱ्या चौकड्यांचा रुमाल असेल तर गडी बहुतेक सौदी. त्याच्या झग्याचं नाव थोब. कॉलर नाही पण गळ्यापासून लांबलचक गोंडा छातीवर लोंबतोय? तो दुबई-अबूधाबीकडचा, आणि कपडा म्हणजे कंदुरा. कॉलर नाही, गळ्याभोवती रेशमाची बारीक नक्षी आणि गोंडा जेमतेम बोटभर? "तो आमचा," ती म्हणाली. ओमानी दिशदाशा. त्या गोंड्याला म्हणतात फुराखा. तो अत्तरात भिजवायचा, म्हणजे दिवसभर नाकाखालीच सुगंध. एसी नसलेल्या काळातली केवढी ही अक्कल! आपल्या सकाळच्या ७.५०च्या फास्टला हा गोंडा सक्तीचा करायला हवा.

आणि ती काळी दोरी? तिला म्हणतात इगाल. उंटाचे पाय बांधायची दोरी वाटेत हरवू नये म्हणून डोक्याला गुंडाळून ठेवायचे, त्यातून ती आली, असं सांगतात. ओमानी माणूस ती लावत नाही. तो घालतो टोपी, म्हणजे कुम्मा, नाहीतर बांधतो पागोटं, म्हणजे मसर.

मग आमचा टाइमपास सुरू झाला. मॉलच्या फूडकोर्टमध्ये बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा देश ओळखायचा. पहिल्या आठवड्यात माझी पार वाट लागली. तिसऱ्या आठवड्यात मी दहातले आठ बरोबर सांगत होते. म्हणजे ज्याला मी तीस वर्षं 'अरबांचा ड्रेस' म्हणत होते, तो ड्रेस नव्हताच, तो पत्ता होता. ओमानात तर सरकारलाही हे पत्त्याचं प्रकरण फार गंभीर वाटतं. सरकारी नोकरीतल्या ओमानी पुरुषाने कामावर दिशदाशा आणि मसर घालायचा. नुसती टोपी म्हणजे घरगुती, ती सुट्टीच्या दिवशी. दिशदाशाचं डिझाइन शिंप्याने मनाला येईल तसं बदलायचं नाही, असेही नियम आहेत. राजघराण्याच्या मसरचे रंग आणि बांधायची ढब वेगळी, तिची कॉपी इतरांनी मारायची नाही.

मला आधी वाटलं, काय ही जबरदस्ती! मग आमचा क्लायंट आठवला. मुंबईत सगळ्या कंपन्यांच्या पोरांनी तोच निळा शर्ट आणि तीच गळ्यातली पट्टी अडकवलेली असते. ती आपण स्वखुशीने घालतो, असं आपल्याला वाटतं एवढंच.

मत्राहच्या गल्लीत काश्मीर

मस्कतला गेलात आणि मत्राहचा जुना बाजार बघितला नाहीत तर तिकिटाचे पैसे वाया. समोर समुद्र, मागे उघडेबोडके काळपट डोंगर, डोंगरावर किल्ला, आणि मध्ये ही बाजाराची बोळं. आत शिरलं की लोबानच्या धुराने डोळे चुरचुरतात. हा लोबान दक्षिणेकडच्या धोफारमधल्या झाडांचा चीक. हजारो वर्षं जगभर गेलेला माल. इथे घराघरात त्याची धुरी कपड्यांना देतात, जशी आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत देत असत.

तर मसर बघायला आम्ही एका दुकानात शिरलो. मऊसूत लोकरीचा चौकोनी रुमाल, बाजू मीटरभराहून मोठी, त्यावर कोयऱ्या आणि वेली. कोयऱ्या! मी दुकानदाराकडे बघितलं. तो मिशीत हसत हिंदीत म्हणाला, "मॅडम, हे तुमच्याकडचंच आहे. काश्मीर." चांगला मसर पश्मिन्याचा आणि काश्मीरच्या कारागिरांच्या हातचा. ज्या पागोट्याशिवाय ओमानी माणूस कचेरीची पायरी चढत नाही, ते येतं श्रीनगरहून. कमरेला खंजीर खोचायचा, तर त्याखाली जो पट्टा गुंडाळतात त्याचं नाव आहे शाल. आता बोला!

दुकानदार स्वतः कच्छचा. त्याच्या पणजोबापासून धंदा इथेच. मस्कतच्या बाजारात कच्छी व्यापारी इतकी वर्षं आहेत की इथल्या कुणाला त्याचं नवल वाटत नाही. १९७० पर्यंत मस्कतच्या गल्ल्यावर आपला रुपयाच चालत होता. आखातासाठी १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने वेगळ्या रंगाच्या नोटाही काढल्या होत्या. आज ओमानचा एक रियाल आपल्या दोनशेहून जास्त रुपयांना पडतो (खरेदी करताना हा गुणाकार करायचा नाही, जीव जातो), पण रियालच्या हजाराव्या भागाला ते अजून बैसा म्हणतात. आपला पैसा, थोडा उच्चार बदलून. आणि हे तर मला माहीतच नव्हतं, की १९३२ मध्ये गादी सोडलेल्या सुलतान तैमूर यांचं निधन झालं ते आपल्या मुंबईत, १९६५ साली.

मसर बांधायचा कसा, हे त्या दुकानदाराने स्वतःच्या डोक्यावर करून दाखवलं. त्रिकोणी घडी, एक टोक मागे, दोन पेच, आणि बोटांनी पुढच्या चुण्या चापून. दीड मिनिट. मी डोंबिवलीची. आमच्याकडे १९९९ पासून गुढीपाडव्याला शोभायात्रा निघते, मी दरवर्षी नऊवारी आणि फेटा घालून बुलेटवर असते. पण फेटा बांधतो कोण? फेटेवाला. माणशी पैसे मोजून, रांगेत उभं राहून. नाहीतर आहेच शिवून ठेवलेला रेडीमेड, टोपीसारखा घालायचा. माझ्या आजोबांना आरशाशिवाय बांधता येत असे. त्यांच्याकडून शिकायचं राहून गेलं.

टोपीची गोष्ट

कुम्म्याच्या दुकानात मात्र माझी मैत्रीण एकदम गप्प झाली. मशीनवरचे कुम्मे दोन-तीन रियालला ढिगाने पडले होते. हाताने भरलेल्यांच्या किमती वेगळ्याच जगातल्या. त्या टोपीला शेकडो बारीक भोकं असतात, प्रत्येक भोकाची कड सुईने घट्ट विणलेली. एक टोपी पुरी व्हायला महिना-महिना लागतो. ती भोकं हवा खेळायला. आणि ही टोपी मूळची अरबस्तानातली नाही. ती आली झांझिबारहून.

"माझ्या आईसारखी," मैत्रीण म्हणाली.

झांझिबार म्हणजे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं लवंगांचं बेट. (फ्रेडी मर्क्युरीचा जन्म तिथला, शाळा मात्र आपली पाचगणीची.) ओमानच्या सईद बिन सुलतानला हे बेट इतकं आवडलं की १८३०च्या दशकात त्याने आपला दरबारच तिकडे हलवला. मागोमाग ओमानच्या खेड्यापाड्यांतले लोक गेले. आपले कोकणी चाकरमानी मुंबईला गेले तसे, फक्त मध्ये समुद्र आणि पुढे काही पिढ्या. तो १८५६ मध्ये गेल्यावर मुलांची भांडणं झाली, आणि १८६१ मध्ये ओमान एकाला, झांझिबार दुसऱ्याला, असा निवाडा दिला कुणी? तर हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयने. लॉर्ड कॅनिंगने.

लवंगांच्या बागा सुंदर होत्या, पण त्या राबत होत्या गुलामांच्या जिवावर. हे मैत्रिणीने स्वतःहून सांगितलं, मी विचारलं नव्हतं. तिथे गुलामाला डोकं झाकायची परवानगी नव्हती. टोपी म्हणजे मोकळ्या माणसाची खूण. १८९७ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा सुटलेल्या माणसांनी काय केलं? टोप्या घातल्या. बायकांनी डोक्यावरून वस्त्रं घेतली. आपल्याला वाटतं डोकं झाकणं म्हणजे बंधनच. तिथे एका पिढीला तीच सुटका वाटली होती.

मनातली आग मात्र कायद्याने विझली नाही. १२ जानेवारी १९६४ ला झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि हजारो अरब आणि भारतीय मारले गेले. मैत्रिणीची आई तेव्हा सहा वर्षांची, वडील नऊ. दोन्ही कुटुंबं बोटीने पळाली, आधी मोम्बासा, मग दहा वर्षं इकडे तिकडे. 'नेसत्या वस्त्रानिशी' हा शब्द आपण किती सहज वापरतो. तिच्या आजोबांच्या अंगावर जे होतं तेवढंच बाहेर पडलं. डोक्यावर टोपी होती, म्हणून टोपी वाचली.

आणि ओमान? १९७० पर्यंत तिथे डांबरी रस्ता जेमतेम दहा किलोमीटर, शाळा तीन. मस्कतच्या वेशीचे दरवाजे रात्री बंद होत आणि त्यानंतर फिरायचं तर हातात कंदील हवा. २३ जुलै १९७० ला सुलतान काबूसने वडिलांना बाजूला करून सत्ता घेतली, तेल होतंच, आणि परदेशातल्या ओमानींना त्याने परत यायचं आवतण दिलं. झांझिबारवाले आले. शिकलेले होते, इंग्रजी येत होतं, नोकऱ्या मिळाल्या. पण घरात बोलणार स्वाहिली. अरबी तोडकंमोडकं. मातृभूमीत येऊन तुम्ही पाहुणेच.

"बाबा सांगतात, पहिल्या दिवशी दिशदाशा आणि मसर घालून ऑफिसला गेले तेव्हा कुणी ओळखलं नाही," मैत्रीण म्हणाली. "तोंड उघडेपर्यंत."

खंजिराचा घोळ

तिने मला हे सगळं का सांगितलं, ते मग कळलं. तिच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं होतं. मुलगी निझवाची, जुन्या घरातली. लग्नात नवऱ्या मुलाला कमरेला खंजीर हवाच. आपल्याकडे खंजीर म्हटला की तो पाठीत खुपसायचा, आणि तोही राजकारणात. इथे तो पोटावर मधोमध मिरवायचा. तो देशाच्या झेंड्यावर आहे, आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीतही गेला. वापरायचा नसतो, दाखवायचा असतो. वाकडी चांदीची म्यान, जरीचा पट्टा, आणि मुठीवरून-कड्यांवरून जाणकार सांगतो की हा निझवाचा, हा सूरचा, हा राजघराण्याच्या धाटणीचा. पण खरी किंमत चांदीची नाही. तो आजोबांकडून आलेला असावा लागतो.

आणि यांच्या घरात आजोबांची फक्त टोपी.

घरात तीन पक्ष पडले होते. आई म्हणे, लांबच्या मामाचा मागून घेऊ, दोन दिवसांचा तर प्रश्न. भाऊ म्हणे, निझवाच्या बाजारात जुने मिळतात, त्यातला एक छानसा घेऊ, सासरच्यांना फोटोत काय कळतंय? वडील म्हणत, नवा घ्यायचा. बास. तीन आठवडे हा घोळ चालू होता.

"शुक्रवारी निझवाला जातोय. येतेस?"

नेकी और पूछ पूछ!

निझवा मस्कतपासून गाडीने दीड-दोन तास. शुक्रवारी पहाटे तिथे बकऱ्यांचा बाजार भरतो. मधोमध गोल, भोवती गिऱ्हाइकं, आणि विकणारा आपली बकरी दोरीला धरून गोल गोल फिरतोय, तोंडाने भाव ओरडत. पटली तर हात करून थांबवायचं. इथे मस्कतचा इस्त्रीचा पांढरेपणा नाही. मळखाऊ, तपकिरी दिशदाशे, सैल मसर, हातात बारीक काठी, आणि कित्येक म्हाताऱ्यांच्या कमरेला खंजीर, जसा आपल्या आजोबांच्या कमरेला चंचीचा बटवा. फुलाफुलांच्या रंगीत ओढण्या घेतलेल्या बायका धडाधड सौदे करत होत्या. काहींच्या चेहऱ्यावर चकाकत्या कापडाचा, नाकावर ताठ कणा असलेला मुखवटा. हा बदू बायकांचा बुरखा. हे निळीत रंगवलेलं कापडही पूर्वी हिंदुस्थानातून यायचं, आणि घामाने निळा रंग गालावर उतरायचा. काळा अबाया म्हणजेच परंपरा, असं समजून गेले होते. बाजारातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर सगळ्यात जास्त रंग होते.

तिथला एक रिवाज मला प्रचंड आवडला. दोन माणसं भेटली की हातात हात घेऊन विचारायचं, काही बातमी? काही खबर? उत्तर ठरलेलं, काही नाही, सगळं छान. हे दोघांनी एकमेकांना विचारून झाल्याशिवाय पुढे बोलायचं नाही. मग निवांतपणे कळतं की गेल्या आठवड्यात आते वारली. पूर्वी वाळवंटातून येणारा माणूस हाच पेपर होता, त्याला आधी धीर द्यायचा आणि मग वाचायचा. आपलं 'काय विशेष?' 'काही नाही' याचंच भावंड. बायकांशी मात्र पुरुष आपणहून हात मिळवत नाहीत, छातीवर हात ठेवतात. मीही दोन दिवसांत तेच करायला लागले. मीटिंगमध्ये घामट हात हलवण्यापेक्षा शंभर पटींनी बरं.

खंजिरांची दुकानं किल्ल्याच्या पायथ्याशी. सतराव्या शतकातला हा किल्ला, त्याचा अजस्र गोल बुरूज कुठूनही दिसतो. दुकानदाराने आधी काहवा दिला. वेलचीची बिनदुधाची कॉफी, वाटीएवढा कप, सोबत खजूर. कप हलवून दाखवला नाही तर तो ओततच राहतो, हे मला चौथ्या कपाला कळलं.

मग त्याने एक जुना खंजीर काढला. चांदी काळवंडलेली, मूठ हाताळून हाताळून गुळगुळीत. पूर्वी या मुठी गेंड्याच्या शिंगाच्या असत, आता चंदन किंवा दुसरं काही. भावाचे डोळे लकाकले. दुकानदाराने सहज विचारलं, "कुठलं घराणं तुमचं?"

भाऊ थांबला. वडिलांनी खंजीर हातात घेतला, उलटा करून म्यानेमागे खोचलेली इवलीशी सुरी बघितली, परत जागेवर ठेवली. मग ते अरबीत काहीतरी म्हणाले. दुकानदाराने मान डोलावली आणि जुना खंजीर आदराने कापडात गुंडाळून आत ठेवून दिला. मैत्रिणीने मला नंतर सांगितलं, ते म्हणाले होते, "हा कुणाच्या तरी आजोबांचा आहे. आमच्या नाही. आम्ही झांझिबारचे. आम्हाला नवा दाखवा."

भाऊ परतीच्या वाटेवर अर्धा तास कुणाशी बोलला नाही. ऑर्डर दिली होती नव्याचीच, निझवाच्या धाटणीचा, चांदीचा. किंमत मी सांगणार नाही. त्यात आपल्याकडे बऱ्यापैकी बाइक येते.

धुरी

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी जेवायला गेले. आईंनी मला बघताच हिंदीत विचारलं, "खाना खाया?" झांझिबारमधल्या थिएटरांत हिंदी सिनेमे लागायचे, तेवढं हिंदी त्यांच्याकडे अजून शिल्लक आहे. मग मला आतल्या खोलीत नेऊन एक पेटी उघडली. वर रेशमी, जरीच्या बाह्यांचे अंगरखे आणि पायाशी भरतकाम केलेल्या सलवारी, ओमानी. मधोमध सुनेसाठी घेतलेला हिरवा जोडा. इथे नवरीला हिरवा रंग, म्हटल्यावर माझी ट्यूब पेटली, मी त्यांना मोबाइलवर ताईच्या लग्नातला हिरवा चुडा दाखवला. त्या कितीतरी वेळ तो झूम करून बघत बसल्या. आणि सगळ्यात तळाला जुने, विरलेले कांगा. झांझिबारच्या बायकांचं हे सुती वस्त्र, काठावर स्वाहिलीत एखादी ओळ छापलेली. एका कांग्याच्या कडेला बारीक अक्षरात होतं, मेड इन इंडिया. "हे आता नेसत नाही," त्या म्हणाल्या. "पण बाळांना मी यातच गुंडाळलं. तिघांनाही."

लग्नाच्या रात्री बायकांचा हॉल वेगळा. दारातून शेदीडशे काळे अबाये आत आले, आणि आत आल्यावर ते उतरले. काय सांगू! मोरपंखी, केशरी, लाल, सोन्याने नुसत्या मढलेल्या बायका. एक पाहुणी धोफारची होती, तिचा मखमली झगा पुढून आखूड आणि मागे वीतभर जमिनीवर लोळणारा. त्याला म्हणतात 'शेपटीवाला'. पावलांचे ठसे वाळूत पुसले जावेत म्हणून तशी रीत, असं ती डोळे मिचकावत म्हणाली. माझ्या पैठणीला चार जणींनी हात लावून बघितला. (आईचा सल्ला ऐकून साडी नेली होती. आई कधीतरी बरोबर असते.)

बऱ्याच वेळाने नवरा मुलगा आत आला. बायकांनी भराभर अबाये ओढून घेतले. पांढरा दिशदाशा, वर सोनेरी काठांचा झुळझुळीत बिश्त, हातात तलवार, आणि कमरेला खंजीर. नवाकोरा. हॉलच्या दिव्यांत इतका लखलखत होता की आंधळ्यालाही कळावं, हा काल घेतलाय. मी मुलीकडच्या म्हाताऱ्या बायकांकडे बघत होते. एकीने दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं. काय, ते मला कधीच कळणार नाही.

"मसर नीट बघ," मैत्रीण कुजबुजली. "उंच वाटतोय ना?"

वाटत होता. मसरखाली कुम्मा घातला की पागोट्याला तसा उठाव येतो. "आजोबांचा," ती म्हणाली. बाहेरून काही दिसत नव्हतं.

हलवा आला, चिकट, तुपाळ, केशराचा, आपल्या माहिमच्या हलव्याशी काही संबंध नसलेला. काहवा झाला. मग आई हातात मातीची धुपाटणी घेऊन आल्या आणि एकेकीसमोर धरत निघाल्या. मी आधी पदर धुरावर धरला, मग बाकीच्यांचं बघून केसही. मस्त वाटत होतं. आता गप्पांना रंग चढणार, म्हणून मी खुर्चीत नीट सावरून बसले, तर शेजारची हसून म्हणाली, "अगं, धुरी आली म्हणजे पाहुण्यांनी निघायचं असतं."

मी उठले. दारात आईंनी माझा पदर पुन्हा एकदा धुपाटणीवर नेऊन धरला. पैठणी अजून ड्रायक्लीनला दिलेली नाही.